चौथं चाक
(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवत. त्यांचे विद्यार्थी सांगतात, नवं यंत्र वर्गात आलं की सर ते लगेच उघडू देत नसत. हे कुणाला विकायचं म्हणून बनवलंय, आणि शेजारच्या दुकानात याच्यासारखं काय विकलं जातंय, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी द्यावी लागत. आज तेच दोन प्रश्न मी एका यंत्राला विचारणार आहे. ते आपल्या पाहण्यातलं आहे. अलिबाग-नागावच्या वाळूत भाड्याने फिरवायला मिळतं ते, जाड फुगीर टायरांचं, मोटारसायकलसारखं हँडल असलेलं चारचाकी वाहन. लोक त्याला एटीव्ही म्हणतात, कुणी क्वाड बाइक म्हणतात.

कंपन्यांमध्ये चढाओढ लागली की माल सुधारतो, हे तुम्हाला पटवून द्यायची गरज नाही. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली पिढी या सभागृहात बसली आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चढाओढ नेमकं काय सुधारते आणि काय आहे तसंच राहू देते? या प्रश्नासाठी एटीव्हीइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. याचा सगळा इतिहास जेमतेम ५५ वर्षांचा आहे, पात्रं मोजकी आहेत, आणि कुणी कुणाला पाहून काय केलं हे स्पष्ट दिसतं.

सुरुवात झाली अमेरिकेतल्या मोटारसायकलच्या दुकानांमधून. १९६०च्या दशकाच्या अखेरीस होंडाच्या तिथल्या विक्रेत्यांची एकच तक्रार होती. हिवाळा आला, बर्फ पडला की गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकत नाही, खर्च मात्र थांबत नाहीत. हिवाळ्यातही खपेल असं काहीतरी द्या, असं त्यांनी कंपनीकडे मागितलं. जपानमध्ये ओसामु ताकेउची हे अभियंते त्या कामाला लागले. त्यांच्या गटाने दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत निरनिराळे नमुने करून पाहिले. बर्फात, चिखलात, वाळूत छोट्या इंजिनाला झेपेल असं तीन चाकांचं रूप शेवटी ठरलं. पण मेख चाकांच्या संख्येत नव्हती, ती टायरात होती. त्या काळी ‘अँफिकॅट’ नावाची सहा चाकांची, पाण्यातही चालणारी गाडी होती. तिचे कमी हवेचे फुगीर टायर ताकेउचींच्या नजरेत भरले.

आपल्या मोटारीच्या टायरात साधारण ३० पौंड दाबाची हवा असते. या टायरांत दोन-सव्वादोन पौंड. एवढ्या कमी हवेचा टायर जमिनीवर पसरतो, खालच्या खड्ड्या-दगडांचा आकार घेतो आणि गाडीचं वजन मोठ्या जागेवर वाटून देतो. चिखलावर फळी टाकून चालावं, तसाच हा प्रकार. गाडीला स्प्रिंग नव्हती, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्हता. धक्के खायचे ते टायरांनीच. ८९ सीसीचं इंजिन, किंमत ५९५ डॉलर. १९७० मध्ये ‘यूएस-९०’ या नावाने ही तीनचाकी आली आणि पुढे ‘एटीसी-९०’ म्हणून ओळखली गेली. १९७१च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या जेम्स बाँडच्या चित्रपटात ती दिसते.

पुढची जवळजवळ दहा वर्षं होंडाला या धंद्यात तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता. त्या दहा वर्षांत बदललं काय? इंजिन ९० सीसीचं ११० झालं, मग १८५ झालं. मुलांसाठी एक छोटं मॉडेल निघालं. बाकी गाडी होती तशीच. शर्यती होत होत्या, लोक वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत होते, आणि तरीही सगळी भिस्त टायरांवरच. मग १९८० मध्ये यामाहाने आपली ‘ट्राय-मोटो’ आणली, पाठोपाठ कावासाकी आली. आणि १९८१ मध्ये होंडाची ‘एटीसी-२५०आर’ बाजारात आली. टू-स्ट्रोक इंजिन, सस्पेन्शन, डिस्क ब्रेक. यातलं कुठलंही तंत्र १९८१ साली नवं नव्हतं. होंडाच्या मोटारसायकलींवर ते वर्षानुवर्षं होतं. तीनचाकीवर बसवायची घाई मात्र शेजारचं दुकान उघडल्यावर झाली. १९८२ मध्ये सामान ठेवायला पुढेमागे कॅरिअर असलेली ‘बिग रेड’ निघाली आणि शेतकरी, शिकारी, गुराखी असं वेगळंच गिऱ्हाईक मिळालं. १९८४ मध्ये कावासाकीची ‘टेकाटे’, १९८५ मध्ये यामाहाची ‘ट्राय-झी’, त्याच वर्षी होंडाचं पाण्याने थंड होणारं इंजिन. दर वर्षी कुणीतरी कुणाच्या तरी पुढे.

आता जरा खाली वाकून या तीनचाकीची मागची बाजू बघू. मागची दोन्ही चाकं एकाच सलग अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली आहेत. मधे डिफरन्शियल नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्या चाकाला कमी. इथे मात्र दोन्ही चाकं सारखीच फिरणार. त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडीचा कल सरळ जाण्याकडे. तिला वळवायचं तर आतल्या चाकावरचा भार कमी करावा लागतो. म्हणजे चालवणाऱ्याने धड आत झुकवायचं आणि त्याच वेळी वजन बाहेरच्या पायावर द्यायचं. सीट लांब असते ती याचसाठी. चालवणाऱ्याला पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकायला जागा हवी असते. नवशिका काय करतो? घाबरला की सायकलवरच्यासारखा पाय जमिनीला टेकवतो, आणि मागचं चाक त्याच पायावर चढतं. शिवाय पुढे एकच चाक. वळणावर भार तिरका पुढे जातो, आणि पुढचं चाक व बाहेरचं मागचं चाक यांना जोडणाऱ्या रेषेपलीकडे आधाराला काहीच नसतं. गाडी तिकडेच उलटते.

सुझुकी या धंद्यात मागून आली. तीनचाकीत होंडाशी गाठ घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने १९८२ मध्ये पुढे दोन चाकं लावली. ‘क्वाडरनर एलटी-१२५’, १२५ सीसीची, रिव्हर्स गिअर असलेली. आज आपण जिला एटीव्ही म्हणतो, तिचं रूप या गाडीपासून सुरू होतं. मागून येणारा नवी वाट काढतो, हे स्पर्धेच्या बाजूने मोठं प्रमाण आहे आणि ते मी पूर्ण मनाने मान्य करतो. चौथं चाक कुठल्याही सरकारने सांगितलेलं नव्हतं.

पण तारखा शेजारी शेजारी मांडून बघा. चौथं चाक बाजारात आलं १९८२ मध्ये. तीनचाकी विकणं बंद झालं १९८८ च्या सुमारास. आणि तीनचाकीच्या इतिहासातली सगळ्यांत जोमाची, सगळ्यांत वेगवान यंत्रं निघाली ती बरोबर या दोन तारखांच्या मधे. जास्त स्थिर पर्याय त्याच रस्त्यावरच्या दुकानात उभा असताना तीनचाकी लाखोंनी खपत होती. दुकानात गिऱ्हाईक काय बघतं? किंमत, इंजिन, दिसणं, शर्यतीत कोण जिंकलं. वळणावर गाडी अंगावर येईल का, हे दुकानाच्या फरशीवर कळत नाही. ज्या गुणाला गिऱ्हाईक पैसे मोजत नाही, त्या गुणासाठी कंपन्या झुंजत नाहीत.

माणसं मरत होती. शेकड्यांनी मरत होती, आणि त्यांत सोळा वर्षांखालची मुलं फार होती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारा अमेरिकेचा सरकारी आयोग १९८७ च्या डिसेंबरात न्यायालयात गेला. १९८८ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने तडजोडीच्या हुकमावर शिक्कामोर्तब केलं. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि अमेरिकेची पोलारिस या पाचही कंपन्या त्याने बांधल्या गेल्या. नव्या तीनचाकी विकायच्या नाहीत, ९० सीसीवरची यंत्रं सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून विकायची नाहीत, धोक्याच्या सूचना गाडीवर लावायच्या, गिऱ्हाइकाला प्रशिक्षण द्यायचं. मुदत दहा वर्षांची होती. २००८ च्या कायद्याने पुढे नव्या तीनचाकींच्या आयातीवर आणि वितरणावर बंदी घातली.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे बंधन पाचही जणांवर एकाच वेळी आलं. एकट्या होंडाने १९८५ मध्ये तीनचाकी थांबवली असती, तर तिचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यामाहाच्या दारात उभं राहिलं असतं. ही अडचण खरी होती आणि ती कुठल्याही कंपनीच्या अधिकाऱ्याला एकट्याने सोडवता येण्यासारखी नव्हती. मैदानाची आखणी बदलणं हे खेळाडूंचं काम नसतं.

आखणी बदलल्यावर खेळ दुसरीकडे सरकला. वेगाच्या गाड्यांमधून कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या. होंडाची चारचाकी ‘२५०आर’ १९८९ नंतर बंद झाली, सुझुकीची ‘क्वाडरेसर’ काही वर्षांनी. यामाहाची १९८७ ची ‘बॅन्शी’ तेवढी उरली. ३५० सीसीचं जुळ्या सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. राजदूत आरडी-३५० चा आवाज ज्यांच्या कानात अजून आहे, त्यांना या घराण्याची ओळख करून द्यायला नको. अमेरिकेत ती २००६ पर्यंत विकली गेली, आणि या एकोणीस वर्षांत तिच्यात फारसं काही बदललं नाही. बॅन्शीवर प्रेम करणारे पुष्कळ आहेत. अभियंता म्हणून मला मात्र त्या एकोणीस वर्षांत वाया गेलेला वेळ दिसतो. समोर बराच काळ कुणी नव्हतं, म्हणून कुणी काही केलं नाही.

खरं काम झालं ते शेतावरच्या गाड्यांमध्ये. होंडाने १९८६ मध्येच चारही चाकांना शक्ती देणारी ‘टीआरएक्स-३५०’ आणली होती. पण पारडं फिरवलं ते मिनेसोटा राज्यातल्या, कॅनडाच्या सीमेजवळच्या रोझो गावातल्या पोलारिसने. ही बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल बनवणारी कंपनी. १९८५ मध्ये एटीव्हीत उतरताना तिने स्नोमोबाइलमधला पट्टा सोबत आणला. दोन पुल्ल्या, मधे रबरी पट्टा. इंजिनाचा वेग वाढला की एका पुलीच्या थाळ्या जवळ येतात, दुसरीच्या दूर जातात, आणि गिअर न टाकता गुणोत्तर बदलत जातं. आपल्याकडे १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने हेच तत्त्व घरोघर पोहोचवलं. पाठीवर चाऱ्याची गोणी, एका हातात दोर, अशा अवस्थेत शेतकऱ्याला क्लच-गिअर नको असतो. जपानी कंपन्यांना हे मनापासून पटायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. कावासाकी आणि यामाहाच्या मोठ्या गाड्यांवर पट्टा आला तो नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात. होंडाने पट्टा न घेता तेलाच्या दाबावर चालणारी स्वतःची वेगळी यंत्रणा काढली. तीही अभियांत्रिकी म्हणून सुंदर आहे.

१९९६ मध्ये पोलारिसच्या ‘स्पोर्ट्समन ५००’ ने मागचा सलग अ‍ॅक्सल काढून टाकला आणि दोन्ही मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. सलग अ‍ॅक्सलच्या मधोमध जो जड गोळा लोंबतो, तो दगडावर आपटतो, खोल चाकोरीत अडकतो. तो वर उचलला गेला. एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमिनीवर राहू लागलं. त्याच सुमारास आर्क्टिक कॅट आली, १९९८ मध्ये बॉम्बार्डिए आली. दोन्ही स्नोमोबाइलवाल्या, म्हणजे पोलारिसचे जुने शेजारी. बर्फावरची चुरस मातीवर उतरली. २००७ मध्ये यामाहाच्या ‘ग्रिझली ७००’ ला विजेवर चालणारं पॉवर स्टीअरिंग मिळालं. दिवसभर दगडांतून हँडल धरणाऱ्या माणसाच्या खांद्यांना त्याचं मोल विचारा.

कॅननडेलची गोष्ट सांगायला मला थोडा जास्त वेळ द्या, कारण ती मला आतून लागते. ही अमेरिकेतली सायकल बनवणारी कंपनी, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटींसाठी नावाजलेली. मोटारीच्या धंद्याचा अनुभव शून्य. नव्वदीच्या अखेरीस तिने ठरवलं की शर्यतीची एटीव्ही बनवायची, आणि इंजिनही स्वतःचंच बनवायचं. २००१ च्या सुमारास तिची गाडी आली. तिला अ‍ॅल्युमिनियमची चौकट होती. कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन होतं. सिलिंडरहेड उलटं फिरवलेलं होतं, म्हणजे हवा पुढून आत येणार आणि धूर मागून सरळ बाहेर जाणार. जपानी कंपन्यांच्या स्पोर्ट गाड्यांवर त्या वेळी यातलं काहीही नव्हतं. गाडीत खोड्या निघाल्या, दुरुस्त्या करता करता पैसा संपला, आणि २००३ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मोटारीचा विभाग विकला गेला. सायकली वाचल्या.

आता पुढच्या पाच वर्षांकडे बघा. २००३-०४ मध्ये यामाहाची ‘वायएफझेड-४५०’ आणि होंडाची ‘४५०आर’. २००६ मध्ये सुझुकीची ४५० फ्युएल इंजेक्शनसह. २००८ च्या सुमारास कावासाकीची ४५० अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची आणि फ्युएल इंजेक्शनची. कॅन-अ‍ॅमचीही (बॉम्बार्डिएच्या एटीव्हींचं हेच पुढचं नाव) अ‍ॅल्युमिनियमचीच. ज्या कल्पनांपायी एक कंपनी बुडाली, त्या पाच वर्षांत इतरांच्या झाल्या. शोधाचा लाभ समाजाला मिळतो हे खरं, पण बिल बऱ्याचदा भलत्याच माणसाच्या नावावर फाटतं. मोठ्या कंपन्या कॅननडेलच्या आधी हे करू शकत नव्हत्या, असं मला मुळीच वाटत नाही.

यानंतर गाडीचं रूपच पालटलं. २००३ मध्ये यामाहाच्या ‘ऱ्हायनो’ ने शेजारी शेजारी बसायच्या दोन सीट आणि मोटारीसारखं गोल स्टीअरिंग दिलं. अशी अवजड कामाची वाहनं कावासाकी आणि जॉन डिअर आधीपासून बनवत होत्या. ऱ्हायनो ही मजेने चालवायची पहिली लोकप्रिय गाडी. २००७ मध्ये पोलारिसची ‘रेझर’ आली, मुद्दाम ५० इंच रुंद, कारण अमेरिकेतल्या कित्येक जंगलवाटांवर त्याहून रुंद वाहनाला मज्जाव आहे. इथे बघा, नियम आहे म्हणून अभियंत्याचं डोकं चाललं. मग शक्तीची शर्यत सुरू झाली. २०१६ च्या टर्बो रेझरला १४४ अश्वशक्ती. कॅन-अ‍ॅमच्या ‘मॅव्हरिक एक्स-३’ ला १५४. रेझरला १६८. एक्स-३ ला १७२, पुढे १९५. २०२२ मध्ये पोलारिसने २२५ वर नेलं, कॅन-अ‍ॅमने २०२४ च्या मॉडेलला २४० दिले. मुळात रस्त्यावर चालवण्यासाठी न बनवलेली ही गाडी आहे.

दर वर्षीच्या या धावपळीची किंमत काय, तेही नोंदलेलं आहे. २००९ मध्ये ऱ्हायनोच्या अपघातांत ४६ माणसं दगावल्याचं आयोगाने जाहीर केलं. यामाहाने गाड्या परत बोलावून मागच्या चाकांना स्पेसर लावून रुंदी वाढवली आणि मागचा अँटी-स्वे बार काढला. २०१६ मध्ये पोलारिसने आग लागण्याच्या धोक्यामुळे सुमारे १,३३,००० रेझर गाड्या परत बोलावल्या. दोष वेळेवर न कळवल्याबद्दल २०१८ मध्ये तिला २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलर भरावे लागले.

नियम केला की सगळं सुरळीत होतं, असंही माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियात मेंढपाळ आणि शेतकरी क्वाड उलटून तिच्याखाली चिरडले जात होते. तिथल्या सरकारने ११ ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या प्रत्येक नव्या क्वाडवर, उलटल्यास चालकाच्या अंगावर भार येऊ न देणारी कमान सक्तीची केली. होंडा आणि यामाहा यांनी त्या गाड्या तिथे विकणंच थांबवलं. कमानीमुळे नवे धोके निर्माण होतात, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. चीन-तैवानच्या कंपन्यांनी कमान लावून रिकामी जागा घेतली, आणि बरेच शेतकरी शेजारी-शेजारी बसायच्या, वर पिंजरा असलेल्या गाड्यांकडे वळले. कंपन्यांचा आक्षेप मी वाचला आहे. तो मला पटलेला नाही. चाळीस वर्षं ज्या अभियंत्यांनी एकमेकांवर मात करत सस्पेन्शन, इंजेक्शन, स्टीअरिंग घडवलं, त्यांना कमानीची अधिक चांगली रचना जमली नसती का? त्यांना ती करायला कुणी लावलं नव्हतं, आणि लावलं तेव्हा निघून जाता येत होतं.

या चढाओढीचं दुसरं टोक मी आपल्याच मुलांच्या उदाहरणाने दाखवतो. आपल्या राज्यातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेसाठी स्वतः एटीव्ही बनवतात. मूळ स्पर्धा १९७६ पासून अमेरिकेत चालते, आपल्याकडे ती २००७ पासून आहे. नियम असा की इंजिन सर्वांना एकच, ठरावीक शक्तीचं, त्याला हात लावायचा नाही. शक्तीची वाट बंद केल्यामुळे मुलं वजनाचा एकेक ग्रॅम मोजतात, सस्पेन्शनची भूमिती पुन्हा पुन्हा आखतात, पट्ट्याच्या पुल्ल्या घासून जुळवतात. ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं एकदम जाम झाली नाहीत, तर गाडीला शर्यतीच्या रांगेत उभं करत नाहीत. तिथे स्पर्धा ब्रेकसाठी होते, कारण ब्रेकशिवाय पुढे जाता येत नाही.

आता आपल्या किनाऱ्यांबद्दल बोलून थांबतो. कोकणात आणि गोव्यात या गाड्या भाड्याने मिळतात. बाप मागे, मूल पुढे, हेल्मेट कुणालाच नाही, हे दृश्य तुम्ही सर्वांनी पाहिलं आहे. ती लांब सीट दोघांसाठी नाही, हे मघाशी सांगितलं. दुसरं माणूस बसलं की चालवणाऱ्याला सरकायला जागा उरत नाही, आणि वळण घेण्याचं या यंत्राचं साधनच हिरावलं जातं. भाडेवाल्यांमध्येही चुरस आहे, पण ती पाच मिनिटांच्या फेरीला पन्नास रुपये कमी घेण्याची. एकट्याने हेल्मेटची सक्ती केली तर त्याचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल, अगदी १९८५ च्या होंडासारखं. म्हणून जिल्हा प्रशासनाने किनाऱ्यावरच्या सर्वांना एकाच दिवशी चार गोष्टी लागू कराव्यात, अशी माझी जाहीर मागणी आहे: हेल्मेट, एका सीटवर एकच माणूस, सोळा वर्षांखाली मोठं यंत्र नाही, आणि नवशिक्यासाठी वेगावर मर्यादा. शेवटच्या गोष्टीला खर्चही नाही. यांतल्या बऱ्याच यंत्रांच्या थ्रॉटलपाशी तो किती दाबला जाईल हे ठरवणारा एक छोटा स्क्रू कंपनीनेच दिलेला असतो.